भंगारातला बगळा, आणि वेल्डिंग सगळ्यात शेवटी

उसाच्या रानात ट्रॅक्टर फिरायला लागला की त्याच्या मागोमाग बगळे कसे चालतात, हे चिकोडी-संकेश्वरकडच्या माणसाला सांगायला नको. मान आखडलेली, चोच ढेकळाकडे, एक पाय पुढं. असा एक दीड फुटी बगळा भंगारातून कसा उभा करायचा, ते इथं सांगतो. बगळाच का? कारण बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ बघत वाढलेल्या पोराला पहिल्याच झटक्यात अश्वारूढ महाराज करायचे असतात. घोड्याचे चार पाय, वर माणूस, त्याच्या हातात तलवार. तीन महिन्यांनी शेडच्या कोपऱ्यात अर्धा घोडा गंजत पडलेला दिसतो. बगळ्याला दोन काड्या, एक पाठ आणि एक मान पुरते. चूक झाली तरी एका रविवारात सगळं सुटं करून परत जोडता येतं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बरीच वर्षं गेट आणि ग्रिलं केली. शिल्पाकडं नंतर वळलो. त्यामुळे मला वाटायचं, वेल्डिंग येतंय म्हणजे निम्मं काम झालं. ते खोटं निघालं. हात बसलेले वेल्डरच घाईनं जोडून माल वाया घालवतात. जोडण्याआधी मांडण्यात वेळ गेला पाहिजे, आणि तो आठवड्यांत मोजायचा.

माल कुठून आणायचा

उद्यमबाग किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत फिरलं की नवख्याला वाटतं, हा खजिना आहे. आहेच. पण फाउंड्रीच्या दारात पडलेल्या ढिगाकडं बघून लाळ गाळू नका. ओतकामात उरलेले ते तुकडे पुन्हा भट्टीतच जातात, कारखानदार ते विकत नाही. तुम्हाला हवाय तो मशीनशॉपचा आणि पत्रेवाल्याचा माल : पंचिंग करून उरलेला भोकाभोकांचा पत्रा, झिजलेले गिअर, लेथवरच्या कुरळ्या चिपा, वाकलेले शाफ्ट. वडगाव-शहापूरकडं जुने माग मोडीत निघतात, तेव्हा त्यातले बारीक दात्यांचे गिअर सुंदर मिळतात. खेडेगावात कुळवाची फास, झिजलेली खोरी, विळे, मोटेचं चाक. गुऱ्हाळावर बंद पडलेल्या घाण्याची चाकं. या बगळ्यासाठी खेड्यातलाच माल जास्त लागेल.

वेळ निवडा. खंडेनवमीच्या आधीचे आठ दिवस सोन्यासारखे. पूजेसाठी प्रत्येक वर्कशॉप झाडून काढतात, वर्षभर कोपऱ्यात ढकललेलं सामान बाहेर येतं. त्या आठवड्यात सायकलला कॅरिअर लावून फिरलात तर चहाच्या बदल्यात गोणीभर माल मिळतो.

भंगारवाल्याकडं गेलात तर त्याला कलेबद्दल काही सांगू नका. माझं पहिलं बोलणं अजून आठवतं.

"खोऱ्याची जुनी पाती हवीत."

"किती किलो?"

"दोन नग."

"नगावर नाय की, किलोवर हाय. आणि असं एकेक निवडत बसलास तर मी दुकान बंद करू काय?"

तेव्हापासून मी आधी पाच-दहा किलो घेतो आणि मग निवडतो. उरलेलं पुढच्या खेपेला परत त्याच्याच काट्यावर. आपल्या भागात दुकानदार मराठी, कन्नड, हिंदी मिसळून बोलतो. गुजरी म्हणजे भंगार आणि तूक म्हणजे वजन, एवढी दोन कन्नड शब्दांची शिदोरी असली तरी भाव करताना समोरचा जरा नरम येतो.

काही गोष्टी कितीही देखण्या असल्या तरी घ्यायच्या नाहीत. रुळाला बसवायची वाकडी क्लिप बघितली की शिल्पकाराला तिच्यात बदकाची मान दिसते. ती रेल्वेची मालमत्ता आहे, आणि १९६६च्या कायद्यानं ती बेकायदा बाळगणं गुन्हा आहे. भंगारवाला "चालतंय की" म्हणाला तरी तुमच्या अंगणात ती सापडली तर उत्तर तुम्हाला द्यायचं आहे. गटाराची झाकणं, विजेच्या खांबाचं सामान, तेही तसंच. लष्कराच्या सरावाच्या जागेतून आलेली काडतुसं किंवा नळकांडी तर बोटानंही हलवू नका. मोठा माल घेतला तर चिठ्ठी मागून घ्या.

आणखी एक यादी जिवाशी गाठ असलेली. पेट्रोलची टाकी, तेलाचा डबा, शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही तोंडं बंद असलेला कुठलाही पाइप. टाकी रिकामी दिसते तेव्हाच जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ भरलेली असते. बंद पोकळीला उष्णता दिली की ती बाँबसारखी फुटते. नवख्यानं हे प्रकार सरळ सोडून द्यावेत, धुऊन बिऊन घेण्याच्या भानगडीत पडू नये. जुने ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटही घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो.

लोखंड ओळखणं

घरी आणलं की आधी लोहचुंबक. चिकटलं तर लोखंडाच्या घरातलं. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम, पितळ किंवा स्टेनलेसचे काही प्रकार. वेल्डिंगच्या आपल्या साध्या रॉडनं यातलं काही नीट जुळणार नाही, बाजूला ठेवा.

चिकटलेल्या मालात खरी फसवणूक आहे, आणि तिचं नाव बीड. ओतलेलं लोखंड. पुली, जुनी घाण्याची चाकं, फ्लायव्हील, शिवणयंत्राचं अंग, हे बहुतेक बीड. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो, बिडात दोन ते चार टक्के. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि थंड होताना आकसला की तडकतो.

मी माझ्या पहिल्या बगळ्याला पुलीची बैठक दिली होती. जोड इतका सुरेख बसला की शेजाऱ्याला बोलावून दाखवला. रात्री जेवायला बसलो आणि शेडमधून "टिक्" असा आवाज आला. सकाळी बगळा आडवा, पायाला पुलीचा टवका चिकटलेला. बिडासाठी निकेलचे रॉड मिळतात, पण ते महाग, शिवाय तुकडा आधी तापवून मग राखेत हळूहळू निववावा लागतो. तुम्ही बिडाला भोक पाडा आणि नट-बोल्टनं बांधा. ते दिसायलाही प्रामाणिक दिसतं.

ओळखायचं कसं? ग्राइंडरला हळूच टेकवा आणि ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, पिवळट, सरळ जाणाऱ्या, थोडेच फाटे फुटणाऱ्या. कार्बन जास्त असलेलं पोलाद, म्हणजे कानस किंवा बेअरिंग, फुलबाजीसारखं फुटतं. बिडाची ठिणगी आखूड, तांबूस, लगेच विझणारी. चार ज्ञात तुकडे शेजारी ठेवून संध्याकाळच्या अंधारात बघितलं की एका दिवसात डोळा तयार होतो. बेअरिंगचे गोळे आणि ट्रकच्या कमानीचे पाटे फुलबाजीवाल्या जातीचे. त्यांचाही जोड ठिसूळ होतो, वजन पेलायच्या जागी वापरू नयेत.

चकाकणाऱ्या, निळसर किंवा पिवळसर झाक असलेल्या नट-बोल्टवर आणि जीआय पाइप-पत्र्यावर जस्त असतं. जाळलं की पांढरा धूर आणि पांढरी भुकटी. तो धूर ओढला की रात्री थंडी-ताप भरतो, अंग मोडून येतं. दूध प्या, गूळ खा, धूर उतरतो असं आपल्याकडं प्रत्येक शेडमध्ये सांगतात. मीही वर्षानुवर्षं गूळ खाल्ला, तोंड गोड होण्यापलीकडं काही झालं नाही. जोडायच्या जागेपासून दोन बोटं अंतरापर्यंत जस्त घासून काढा, उघड्यावर काम करा, मास्क लावा. जुना रंगही असाच खरवडून काढायचा. तेलकट साखळी रॉकेलमध्ये बुडवून, ब्रशनं घासून पूर्ण वाळवा. ब्रेक साफ करायच्या क्लोरीनवाल्या स्प्रेनं धुतलेला भाग कधीही वेल्ड करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मांडणी

आता खरं काम. अंगणात किंवा गच्चीवर एक गोणपाट अंथरा आणि सगळा माल त्यावर पसरा. ढीग घालू नका, प्रत्येक वस्तू सुटी दिसली पाहिजे. आणि चार दिवस नुसतं जाता-येता बघा. वस्तू उलटी करा, आडवी करा.

१९४२ साली पिकासोनं सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं केलं. सीट बैलाचं तोंड झाली, हँडल शिंगं. गंमत अशी की बघणाऱ्याला बैलही दिसतो आणि सायकलही. दोन्ही दिसायला हवेत, यातच या कामाची सगळी मजा आहे. बेळगाव म्हणजे तर सायकलींचंच गाव : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान इथंच काढलं, पुढं त्यांच्या कामातून लोखंडी नांगर आला. सीट, हँडल आणि फाळ या तिन्ही गोष्टी आपल्याकडच्या उकिरड्यावर सापडाव्यात यात नवल नाही. आपल्या देशातल्या कलावंतांपैकी मुंबईच्या शिल्पकार पिलू पोचखानवाला यांची भंगार लोखंडातली कामं कुठं बघायला मिळाली तर जरूर बघा. तुकडा कुठं थांबवायचा, मोकळी जागा कुठं सोडायची, ते त्यातून कळतं.

बगळ्याची पाठ म्हणजे झिजलेल्या खोऱ्याचं पातं. ते मुळातच पाठीसारखं बाकदार असतं. पालथं धरा. दांडा बसायचं नेढं पुढं करा, तिथून मान निघेल. मातीत घासून-घासून पात्याची कड जिथं पातळ झालीय ती शेपटीकडं येते, आणि ती झीज कुठल्याही कारागिराला करता येणार नाही इतकी सुंदर असते. म्हणून ती कड ग्राइंडरनं "नीट" करू नका. नवखे हमखास करतात. नव्या खोऱ्याचा बगळा मी एकदा करून बघितला. दुकानातून आणलेलं प्लास्टिकचं खेळणं वाटलं.

मानेला सायकलची साखळी, साधारण एक फूट. पायांना ८ मिलिमीटरची सळई. डोक्याला एक मोठा नट, चोचीला चार इंची दोन खिळे. पंखांची सूचना द्यायची तर दोन मोडके विळे पाठीच्या दोन्ही अंगांना. मी म्हणेन, पहिल्या खेपेला विळेही नकोत.

हे सगळं उभं करून बघायला वेल्डिंग लागत नाही. पाटीत ओली वाळू भरा, सळया त्यात खोचा, वर पातं बाइंडिंगच्या तारेनं बांधा. साखळी जमिनीवर खडूनं काढलेल्या वळणावर ठेवा. मग दहा पावलं मागं जा आणि डोळे बारीक करा. मोबाइलवर फोटो काढा, तोही उजेडाच्या विरुद्ध, म्हणजे नुसती काळी आकृती दिसेल. त्या काळ्या आकृतीत बगळा ओळखू येत नसेल तर तपशिलानं तो कधीच येणार नाही. डोळा, पिसं, बोटं हे सगळं नंतरचं.

बगळ्याचा गुडघा मागं वळतो असं आपल्याला वाटतं. तो गुडघा नसून घोटा आहे, खरा गुडघा पोटाच्या पिसांत लपलेला असतो. म्हणून सळई मध्यावर मागच्या बाजूला वाकवा आणि वाकणावर एक नट सरकवा. एवढ्यानं सळई पायासारखी दिसायला लागते. एक पाय सरळ, एक किंचित पुढं टाकलेला. पुढच्या पायाचं अंतर वाळूत चार-पाच प्रकारे बदलून बघा. दोन इंचांत बगळ्याचा स्वभाव बदलतो : जवळ ठेवला तर झोपाळू, लांब टाकला तर सावध.

मांडणी पटेपर्यंत थांबा. मला पहिल्या वेळी तीन रविवार लागले. घरचे विचारतील, हे कधी उचलणार. सांगा, उचलतो.

हत्यारं आणि अंग सांभाळणं

सगळं विकत घेऊ नका. आधी गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडं आठ दिवस जाऊन बसा, त्याचा माल धरा, पडेल ते काम करा. निम्मे लोक या आठ दिवसांतच ठरवतात की आपल्याला हे नको, आणि त्यांचे पैसे वाचतात. टिकलात तर २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, चार इंची ग्राइंडर, वाइस, तारेचा ब्रश, स्लॅग (वेल्डवर जमणारी खपली) फोडायची हातोडी. रॉड साधा ६०१३ जातीचा, अडीच मिलिमीटरचा. खेड्यात संध्याकाळी पंपांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि रॉड चिकटायला लागतो. तेव्हा स्वतःच्या हाताला दोष देऊ नका, दुपारी काम करा.

वेल्डिंगच्या मुखवट्याची काच १० किंवा ११ नंबरची. नुसत्या उजेडाकडं दोन-तीन वेळा उघड्या डोळ्यांनी बघितलंत तरी रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगणारे पाच जण भेटतील, तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. कपडे सुती, पूर्ण बाहीचे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. हातात कोरडे चामडी मोजे, पायात बूट. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून वेल्डिंग नको. अगदीच अडलं तर कोरड्या फळीवर किंवा रबरावर उभं राहा.

ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, काढणारा माणूस शूर नसतो. चार इंची यंत्र मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतं. चकती फुटली तर तिचा तुकडा दिसतही नाही. चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नको, आणि तिच्यावर मुदतही छापलेली असते, ती बघा.

जोडणी

सुरुवात शिल्पावर करू नका. टाकाऊ पट्टीवर वीस सरळ रेघा ओढा. करंट ७० ते ८० अँपिअर. आवाज तळणीतल्या भज्यांसारखा एकसारखा आला की जमलं. रॉड चिकटत असेल तर करंट कमी आहे किंवा रॉड फार दाबताय, भोक पडत असेल तर जास्त.

मग मान. साखळी खडूच्या वळणावर लोखंडी पाटीवर ठेवून प्रत्येक सांध्याला वेल्डचा एकेक छोटा ठिपका, म्हणजे टाका, मारा. एक बाजू संपली की उलटून दुसरी. सलग वेल्ड ओढलात तर मान तापून स्वतःच्या मनानं वळेल. एक टाका मारा, थांबा, मग दुसऱ्या टोकाला मारा.

पातं पातळ, सळई जाड. जाळ नेहमी जाड तुकड्यावर धरायचा आणि पातळाकडं नुसता ओघळ न्यायचा, नाहीतर खोऱ्याला भोक पडलंच. आधी फक्त टाके मारा, सगळे जोड कच्चे. उभं करा, फोटो काढा, आधीच्या फोटोशी ताडून बघा. पटलं की मगच पक्कं करा. वेल्ड थंड होताना माल आपल्याकडं ओढतो, म्हणून एका बाजूला अर्धा इंच मारला की समोरच्या बाजूला अर्धा इंच.

वेल्डचे थर घासून गुळगुळीत करावेत का, यावर शेडमध्ये भांडणं होतात. मी मानेवरचे तसेच ठेवतो, पिसं विस्कटल्यासारखे दिसतात. पायांवरचे घासतो.

तोल आणि बैठक

पाय जोडण्याआधी पाठ आणि मान मिळून जो तुकडा झालाय तो एका बोटावर तोलून बघा. जिथं थांबतो तिथं खडूची खूण. उभं केल्यावर त्या खुणेतून गवंड्याचा ओळंबा सोडा. तो दोन्ही पावलांच्या मधोमध पडला पाहिजे. पुढं पडत असेल तर मान मागं घ्या किंवा पुढचा पाय आणखी पुढं टाका. शेपटीला वजन चिकटवून तोल साधू नका, बगळा लगेच बदक होतो.

बैठकीला १० मिलिमीटर जाडीची, आठ इंच चौरस प्लेट. तिचं वजन साधारण सव्वातीन किलो भरतं, एवढ्या पक्ष्याला पुरतं. सळईचं वजन काढायचं असेल तर फॅब्रिकेशनवाल्यांचा हिशोब सोपा आहे : व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. ८ मिलिमीटरची सळई मीटरला चारशे ग्रॅमला किंचित कमी. आधी सगळ्याचं वजन काढून ठेवा, बैठक वरच्या मालापेक्षा जड असू द्या. घरात लहान पोरं असतील तर प्लेटला चार भोकं पाडून ती जमिनीत किंवा फळीला बोल्टनं बसवा. चोचीच्या खिळ्यांची टोकंही तेव्हाच घासून बोथट करा.

गंज

खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला गंज म्हणजे काय ते माहीत आहे. दोन वाटा आहेत. बाहेर ठेवायचं असेल तर तारेच्या ब्रशनं घासून, पुसून, रेडऑक्साइडचा, म्हणजे गंज अडवणाऱ्या तांबड्या अस्तराचा, हात आणि वर रंग. यात खोऱ्याची झीज, साखळीचा काळेपणा सगळं रंगाखाली जातं, म्हणून मला ही वाट आवडत नाही, पण ती टिकते. घरात किंवा पडवीत ठेवायचं असेल तर सुटा गंज घासून काढा, घट्ट बसलेला राहू द्या, आणि जवसाच्या तेलाचे अगदी पातळ तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. लोखंड गडद तपकिरी, मऊ दिसतं. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटतो. पाण्यात बुडवा किंवा अंगणात पसरून वाळवा. हे पहिले तीन हात मार्च ते मेमध्येच उरका. जूनच्या दमट हवेत तेल आठवडाभर चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते.

फरशीवर ठेवणार असाल तर खाली रबराचा तुकडा घाला, गंजाचा तांबडा डाग फरशीवरून जात नाही. पावसाळ्यानंतर गंज पहिल्यांदा बोटांपाशी, जोडाच्या खाचेत दिसतो. माझा बगळा पडवीत आहे. खंडेनवमीला हत्यारं पुसायला काढतो तेव्हा त्यालाही खाली घेतो, बोटांना तारेचा ब्रश मारतो आणि जवसाचा एक हात देऊन हत्यारांच्या रांगेत झेंडूच्या फुलाशेजारी वाळत ठेवतो.